अकोल्याची कचेरी उठली

अमेरिकेतली लढाई संपली, तिथला कापूस पुन्हा बाजारात आला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव कोसळला. तेजीत शाळांसाठी साऱ्यावर बसवलेली शाळापट्टी कोणाला जाणवली नव्हती. आता ती सारावसुलीच्या वेळी खुपू लागली. तेल्हाऱ्याचे पुंजाराम पाटील चार गावच्या पाटलांना घेऊन अकोल्याला साहेबापुढे उभे राहिले आणि पट्टी कमी करा म्हणून भांडले.

सरकारने ऐकलं. अकोल्याची शाळांची कचेरी मोडून अमरावतीच्या कचेरीत मिळवली, खर्च वाचला, पट्टी उतरली. गावाने पुंजारामांच्या गळ्यात हार घातला.

काही दिवसांनी अकोल्याचे शाळा तपासनीस ताहेर निरोप घ्यायला आले. पाटलांच्या ओसरीवर मुलींची शाळा त्यांनीच सुरू केली होती. शिकवायला गावातली विधवा गोदाबाई. लोक नावं ठेवू लागले तेव्हा ताहेर घरोघर फिरून बापांशी बोलले होते. पाटलांची लेक शकुन त्या शाळेत सगळ्यांत आधी बसली, आणि आता घडाघड वाचायची.

"मले पातूरले मास्तर केलं," ताहेर म्हणाले. "इकडं अमरावतीचे साहेब येतील."

"मंग झालं तर."

"पाटील, एका माणसाकडे दोन जिल्हे. पूर्णेले पूर आला की तो कसा येईल? अन् तपासणी झाली नाही तर गोदाबाईचा पगार निघत नाही."

पुंजाराम चमकले. "हे अगुदर कावून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं, तर तुमीच म्हटलं असतं, मियाँ आपली नोकरी वाचवून राहिला."

 पाटील तसंच म्हणाले असते.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, अमरावतीहून कोणी आलं नाही. गोदाबाईने पगाराशिवाय जमेल तितके दिवस शिकवलं. मग ती रोजाने कापूस वेचायला जाऊ लागली. पाटील तिला म्हणाले, "पगार मी देतो, बाई."

"नका देऊ, पाटील. सरकारचा पगार होता म्हून मी शाळेची बाई होती. तुमचा घेतला तर लोक काय म्हनतील, तुमाले ठाऊक हाये."

पुंजाराम अमरावतीला गेले. तिथले साहेब रागावले नाहीत, अदबीने बोलले. "शाळा बंद केलेली नाही, पाटील. तपासणीला माणूस मिळाला की पाठवतो. माणसं कमी करा असं तुमच्याच भागातून मागणं होतं ना?"

पाटलांनी मान खाली घातली आणि परतीची गाडी जुंपायला सांगितली.

घरी पार्वताबाई, त्यांची बायको, वाटच पाहत होती. "शाळा होती म्हून मी थांबली. आता पोरीले किती दिवस घरात ठेवता?" तिचंही चुकत नव्हतं. त्या उन्हाळ्यात शकुनचं लग्न अचलपूरला झालं.

दोन वर्षांनी पुंजाराम लेकीला भेटायला गेले. संध्याकाळी व्याह्यांकडे पोथी असायची. पण वाचणारे बुवा तापाने पडले होते. व्याही म्हणाले, "आज राहिलीच पोथी."

"कावून राहील?" पुंजाराम अभिमानाने म्हणाले. "आमची शकुन वाचते ना."

दाराआडून शकुनचा आवाज आला, "नाई, बाबा. मले नाई येत."

सासूने पुंजारामांकडे पाहिलं आणि हसून विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी निघताना ते लेकीला गोठ्याकडे घेऊन गेले. "खोटं कावून बोलली, माय? त्यायनं मना केलं काय?"

"कोनी मना नाई केलं." शकुन खाली पाहत होती. "पहिले पहिले मी राखेत अक्षरं काढून पाहे. आता जोडाक्षरं आठवत नाईत. सगळ्यायसमोर अडखळली असती, तर तुमची मान खाली गेली असती."

पुंजारामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना म्हणायचं होतं, मान माझी कधीचीच खाली गेली. पण ते एवढंच म्हणाले, "येतो, माय." लेक पदराने डोळे पुसत आत गेली, आणि ते बैलांपाशी उभेच राहिले, गाडीवान दोनदा हाका मारीपर्यंत.