मंडळाची सही

मयूर सावंताच्या पोटात दुखायला लागलं, ते मंडळाच्या सहीची चावी अपेक्षाकडे गेली त्या संध्याकाळपासून.

लालबागच्या एका गल्लीतलं हे मंडळ गणपतीच्या सजावटीचा आराखडा शेवटपर्यंत कुणाला दिसू देत नसे. फाइल कुलूपबंद करून, वर मंडळाची डिजिटल सही करून परळच्या कारखान्यात जायची, आणि त्या सहीशिवाय कारखानदार प्रफुल्ल एक फळी कापत नसे. दोन्ही कामांची ती कॉम्प्युटरमधली चावी मयूरने बनवलेली, चावी उघडायचा पासफ्रेजही त्याचाच. मोठा मान होता तो. पण गडी गावी गेला की कुणालाही फोनवरून पासफ्रेज सांगायचा, तोही मासळी बाजारात ओरडावं तसा. अर्ध्या गल्लीला तो तोंडपाठ. शेवटी अध्यक्ष कुशाबांनी काम अपेक्षाला दिलं. काल आलेली पोरगी! तिने पहिल्याच दिवशी पासफ्रेज बदलला आणि कुणाला सांगितला नाही. कुशाबांनाही नाही. त्यावर म्हातारा उलट खूश. मयूरला अन्न गोड लागेना.

घरच्या पेनड्राइव्हवर चावीची जुनी कॉपी पडून होती. सहज म्हणून त्याने तिला जुना पासफ्रेज दिला, तर ती उघडली की! अपेक्षाने बदलला होता तो फक्त तिच्या कॉपीचा. हिला त्याची गंधवार्ताही नव्हती.

"मोठी आली शहाणी," असं पुटपुटत मयूरने मंडळाच्या मेलमधला आराखडा उघडला, त्यातली कमान दोन फूट खाली ओढली, सही ठोकली आणि फाइल प्रफुल्लकडे धाडली.

कमान आली, उभी राहिली, आणि मूर्तीचा मुकुट तिला अडणार हे बघताक्षणी सगळ्यांना कळलं. प्रफुल्लने सही दाखवली. अस्सल.

"ह्यां काय केलंस गो, अपेक्षा?" कुशाबा कडाडले.

अपेक्षाने फाइल तपासली, मग एकदा मयूरकडे पाहिलं. मयूरच्या तोंडचं पाणी पळालं.

"चूक माझी, काका," ती म्हणाली.

"मगे ता काम तुका नको. मयूर, तूच सांभाळ रे बाबा परत."

माणसं पांगल्यावर अपेक्षाने लॅपटॉप मयूरपुढे सरकवला.

"जुनी चावी रद्द केलीय, दादा. नुसता पासफ्रेज बदलला की झालं, असं समजले मी. तुझ्याकडे कॉपी असणार हे डोक्यातच आलं नाही, म्हणून चूक माझीच. आता ही नवीन बनव. पासफ्रेज टाक, मी बघत नाही."

आणि ती खरंच तोंड फिरवून उभी राहिली.

मयूर आतून जळत होता. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर फिट्टंफाट तरी झाली असती. गेलेला मान परत मिळाला होता, पण तिने सोडला म्हणून. तिच्या त्या ताठ पाठीचा त्याला असा हेवा वाटला, की नवा पासफ्रेज काय टाकावा हेच त्याला सुचेना.