नऊ माणसं आणि सामाजी

नथानियल माणसं मोजत होता. ज्यूंच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; पण माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, म्हणून दहा शब्दांचं वचन म्हणत एकेकावर बोट ठेवायचं, ही रीत. नऊ शब्द नऊ जणांना मिळाले. बोट सामाजीपाशी आलं आणि नथानियलने दहावा शब्द न उच्चारता ते मागे घेतलं.

सामाजी रोह्याच्या एका कंपनीत पंप मेकॅनिक होता. वीस वर्षं दर शुक्रवारी तो गाडीने पेणला येई, प्रार्थनालय झाडी, दिवे लावी. बहुतेक जण इस्रायलला गेले, तेव्हापासून दहावा माणूस म्हणजे सामाजीच. आज त्याची आई दीना जाऊन महिना झाला होता, तिच्याच प्रार्थनेला सगळे जमले होते. नथानियल मात्र गेल्याच वर्षी परदेशातून परतला होता आणि येताना वंशशुद्धीचं खूळ घेऊन आला होता.

त्याने तोरा हा धर्मग्रंथ उघडला. प्रलयाआधी देवाच्या पुत्रांनी माणसांच्या मुली बायका केल्या, तो उतारा वाचला. पुत्र म्हणजे शुद्ध वंश, मुली म्हणजे बाहेरच्या. रक्त मिसळलं म्हणून देव कोपला, असा त्याचा अर्थ.

"तुझी आई कासू गावच्या शेतकऱ्याची पोर, लग्नातून आपल्यात आलेली," तो म्हणाला. "नाव बदललं म्हणून रक्त बदलत नाय. आई बाहेरची, तर लेक बी दहात धरता येत नाय."

हा उतारा सामाजीने पंपहाऊसमध्ये रात्रपाळीला मराठीतून कितीदा वाचला होता. पुत्र म्हणजे त्या काळचे बडे लोक, असंही जुने जाणकार सांगतात, तो म्हणाला. त्यांना आवडली ती बाई त्यांनी उचलली.

"पाप उचलणाऱ्यांचं. पोरींना तिथं कुणी दोष दिलेला नाय," सामाजी म्हणाला. "आणि माझ्या आईच्या हातचा मलिदा पन्नास वर्सं खाल्लात, तवा तिची पिढी नाय विचारलीत."

म्हातारा रूबेन हळूच म्हणाला, "अर्थ सामाजीचा बरोबर हाय." सामाजीला केवढा धीर आला. पण पुढच्या महिन्यात रूबेनच्या नातीचं लग्न इथेच होतं आणि विश्वस्त होता नथानियल. त्याने रूबेनकडे नुसतं पाहिलं. रूबेनने पुस्तकात डोकं घातलं. बाकीचे सात जणही आपापल्या पुस्तकात बघू लागले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

"प्रार्थना हुईल," नथानियल म्हणाला. "माझा जावई ठाण्याहून निघालाय, तो दहावा. त्याला रस्ता म्हाईत नाय. सामाजी, तूच जा आणायला."

सामाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दहा झाले नाहीत तर आईची प्रार्थना राहिली असती. तो गेला.

जावई भला माणूस होता. स्टेशनबाहेर पडताना त्याने विचारलं, प्रार्थना कुणाची?

"माझ्या आईची."

"मला तर एक माणूस कमी म्हणून बोलावलं. मग तुम्ही आहात की. माझ्यासाठी थांबले कशाला?"

सामाजीला खरं सांगवेना. त्याने जावयाच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "चला, लोक खोळंबलेत."

दहा झाले. आई गेली म्हणून लेकाने म्हणायची प्रार्थना नथानियलने म्हटली. सामाजी डोकं झाकून व्हरांड्यात उभा राहिला. आत प्रत्येक ओळ संपली की तो आमेन म्हणत होता, मोठ्याने. आतल्यांपैकी एकानेही मान वळवली नाही.