पंचांपुढचं नाक

मायाक्काच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. माहेरी एक दिवस जास्त राहिली म्हणून नवऱ्यानं, सिद्धाप्पानं, तोंडावर काठी घातली आणि नाकाचं हाड आत बसवलं, त्याचा राग होताच. पण तेच नाक त्यानं सोलापुरातल्या डॉक्टरकडून सरळ करून आणलं, त्याचा राग त्याहून मोठा. लोक म्हणाले, गडी सुधारला. सुधारतोय कसला मेला! तिनं पंचांकडे काडीमोड मागितला, दिवाळीनंतर तिच्या माहेरी, मंद्रूपला बैठक ठरली, तेव्हा कुठं त्याला बायकोच्या नाकाची आठवण झाली. नाक सरळ दिसलं की तक्रार खोटी, एवढंच त्याचं गणित.

डॉक्टरनं बसलेल्या हाडावर सेल्युलॉइडची पांढरी पट्टी सरकवली होती, कंगवे करतात त्या जिनसाची. सुरुवातीला नाक देखणं दिसलं. मग तांबडं झालं, कातडी ताणून चकाकायला लागली, आत ठसठस सुरू झाली. बैठकीच्या आदल्या दिवशी ती हट्टानं दवाखान्यात गेली. सिद्धाप्पा मागोमाग होताच.

डॉक्टरनं बोट लावून पाहिलं. "शरीराला परकी वस्तू कळते," तो म्हणाला. "कधी ते तिच्याभोवती वेष्टण धरून गप्प बसतं, कधी सूज आणून, पू करून तिला बाहेर ढकलतं. हिचं शरीर ढकलतंय. आजच काढायला हवी."

"पंच उटल्यावर काडा की," सिद्धाप्पा म्हणाला आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

मंद्रूपला देवळापुढं घोंगडी अंथरून पंच बसले. सिद्धाप्पा तोंड वर करून बोलत होता. "नाक मोडलं म्हनती. कुटं मोडलंय? पडशानं जरा सुजलंय. सरळ हाय का न्हाय, तुमीच बगा."

म्हातारे बिरप्पा पंच पुढं वाकले. "सरळ तर हाय की, पोरी."

नाकाच्या शेंड्यापाशी कातडी उलली होती, तिथं पट्टीचं टोक सकाळपासून टोचत होतं. तिनं ते नखात धरलं आणि ओढलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. रक्तापुवानं माखलेली पट्टी तिनं पंचांच्या घोंगडीवर ठेवली. नाक पुन्हा खाली बसलं.

बिरप्पांनी घसा खाकरला. "सिदू, दुसरी बसवून आन. चांगल्यातली बग."

"आनतो की," सिद्धाप्पा म्हणाला.

पंचांनी माना हलवल्या. झाला न्याय! काडीमोडाची काडी मोडायची ती पंचांच्या हुकमानं, पुरुषाच्या हातानं. बाईनं तिला शिवायचंसुद्धा नाही. मायाक्का उठली. शेजारी बैलापुढं टाकलेल्या कडब्यातली एक काडी तिनं उपसली.

"माज्या मासानं पट्टीला भायेर काडलं, तवा कुनाला इचारलं न्हाय," ती बिरप्पांना म्हणाली. "मी तरी कशाला इचारू, मामा?"

तिनं काडी मोडली, सिद्धाप्पाच्या पुढ्यात टाकली आणि नाकाला पदर लावून आईच्या घराकडं चालू लागली.