दोघांचा बावीस नंबर

“दोघांना एकच बावीस नंबर? कसं शक्य आहे?” नर्स सुरुची म्हणाली. “हॉलिस बाबाजी गोंधळलेत गं. यादीतून एकाला काढ आणि दे पाठवून. स्वीट ॲज, झालं काम.”

सुरुची सहसा बरोबर असते, आणि तिला ते माहीतही असतं. मृदुलानं ‘अर्ल बेट्स’ हे नाव खोडलं.

हेन्डरसनच्या त्या वृद्धाश्रमात मृदुला नऊ वर्षं लोकांच्या आंघोळी आणि रुसवे सांभाळत होती. हा आठवडाभर मात्र ती मिस्टर हॉलिसची यादी लिहीत होती. बायको इथली, म्हणून ते न्यूझीलंडला आलेले, मूळचे अलाबामाचे. तिथली त्यांची काळ्या मुलांची शाळा बंद करून गोऱ्यांच्या शाळेत मिसळली, तेव्हा करंडक, फोटो सगळं कचऱ्यात गेलं. आता माजी विद्यार्थी १९६८च्या अमेरिकन फुटबॉल संघाचा फलक लावणार होते. सगळी नावं सांगू शकणारे एकटे मिस्टर हॉलिस उरले होते. यादी आजच जायची होती. सुटलेलं नाव कायमचं सुटणार होतं.

तिनं ती मिस्टर हॉलिसना वाचून दाखवली.

“अर्ल कुठाय?”

“बावीस नंबर तुमचा ना? मग त्याचा कसा?”

“नंबर आम्ही निवडत नव्हतो, मृदुला. गोऱ्यांच्या शाळेतल्या जर्सी विटल्या, की खोकं भरून आमच्याकडे यायच्या. अंगाला येईल ती आपली. त्या वर्षी बावीस दोन आल्या.”

“आणि पंच काही म्हणत नसत?”

“मी चढाईला, अर्ल बचावाला. मी बाहेर आलो, की तो आत; दोघं एका वेळी मैदानात नसायचोच. समोरच्यांना वाटायचं, हा बावीस नंबर दमतच नाही.” ते खुदकन हसले. “शुक्रवारी मैदान गोऱ्यांचं, म्हणून आम्ही गुरुवारी खेळायचो. तरी गाव लोटायचं. एक सामना हरलो नाही.”

“मग पुढच्या वर्षी?”

“मी शेवटची परीक्षा पास होऊन बाहेर पडलो होतो. आमची शाळा बंद झाली, अर्ल गोऱ्यांच्या शाळेत गेला. त्यांनी त्याला कोरी जर्सी दिली आणि वर्षभर बाकावर बसवला. एकदाही मळली नाही ती.”

 मृदुलानं नवा कागद घेतला, सगळी नावं पुन्हा लिहिली. अर्लपाशी आल्यावर मात्र त्यांनी पेन मागितलं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात धड चालत नव्हता. एकेक अक्षर ते थांबून थांबून काढू लागले.

सुरुची गोळ्या घेऊन दारात आली. घाई करायला तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिली.