निपाणीतली मंगोलियाची पंतप्रधान

नागेंद्र सरांनी चिठ्ठी उघडून देशाचं नाव वाचलं आणि सगळा वर्ग हसायला लागला. अमेरिका नाही, जपान नाही, आमच्या दहावी 'ब'च्या वाट्याला आला मंगोलिया. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंसुद्धा, सर, हा देश अजून हाय का? सर म्हणाले, हाय, आणि तिथं लोकशाहीपण हाय, आणि परवा त्या देशाचा पंतप्रधान ह्या वर्गातून निघणार हाय.

खेळ सरांनीच तयार केला होता. नाव, 'एका दिवसाची कारकीर्द'. आपण मंगोलियातला एखादा तरुण पुढारी मनानं बनवायचा आणि दिवसभर तोच होऊन वावरायचं. सकाळी तो गावची निवडणूक लढवणार, छोट्या सुट्टीनंतर प्रांताची आणि जेवणानंतर अख्ख्या देशाची. मतपत्रिका, शाई असलं काही नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्यामागं मैदानावर रांगेत उभं राहायचं. आणि यातली खरी गंमत म्हणजे घंटा होईपर्यंत मतदार रांग बदलू शकतो. उमेदवारानं डोळ्यांदेखत बघायचं, आपली माणसं कुठं निघाली ते.

जो जिंकेल तो बेळगावला जिल्ह्याच्या युवा संसदेत बोलणार. तेही सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटकच्या तिथल्या विधानभवनात, आमदार बसतात त्या खुर्चीवर बसून, त्यांच्याच माईकमधून. सरांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझा हात वर गेला होता.

वर्ग परत हसला, आणि त्याला कारण होतं. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मला आभार मानायला उभं केलं होतं. मी 'सन्माननीय' म्हटलं आणि थांबले. पुढचं काही आलंच नाही. स्टेजवर मी, समोर अख्खी निपाणी आणि मध्ये तो एक शब्द. तेव्हापासून माझं नाव सन्माननीय. काय सन्माननीय, डबा खाल्ला का? सन्माननीय, जरा खडू द्या. पण यंदा एप्रिलमध्ये बोरगावच्या आमच्या विहारात मी संविधानाची उद्देशिका सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, आणि शेवटच्या ओळीपर्यंत आवाज टिकला. तो टिकला तो टिकलाच. आई आता विचारते, हिला बंद करायचं बटण कुठं असतंय?

त्या रात्री जेवताना मी घरी मंगोलियाचं सांगितलं. पप्पा मोबाईलवर नकाशा शोधायला लागले. माझे आजोबा, आण्णाप्पा आज्जा, घास थांबवून म्हणाले, "बुद्धाचा देश हाय की त्यो. आपलीच माणसं समज." मला तेवढंच पुरे झालं.

माझ्या पुढारी मुलीचं नाव मी ठेवलं सरूल. तिकडं त्याचा अर्थ उजेड असा काहीतरी होतो म्हणे. सरूल मेंढपाळाची पोर. लहानपणी घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेली. लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत वाढलेली. त्या तंबूला तिकडं गेर म्हणतात. एका हिवाळ्यात एवढा बर्फ पडतो की तिच्या बापाचा सगळा कळप उभ्या उभ्या गोठून मरतो, आणि सरकारचा माणूस बघायला येतो उन्हाळ्यात. तेव्हा सरूल ठरवते की पुढचा सरकारचा माणूस आपणच व्हायचं.

पहिल्या फेरीत आम्ही पाच जण होतो, आणि मतदार आमचाच वर्ग. माधवीनं सोन्याच्या खाणीचा मालक केला होता, तो दोन मिनिटांत पडला. पण साईराजनं कमाल केली. त्याचा पुढारी होता बातार पैलवान. मंगोलियात कुस्ती म्हणजे जीव की प्राण, आणि पैलवान तिथं खरंच निवडणुकीला उभे राहतात, हे त्यानं शोधून काढलं होतं. फेटा बांधून आला आणि शड्डू ठोकला. निपाणीच्या पोरांसमोर शड्डू ठोकल्यावर आणखी काय पाहिजे? त्याची रांग सायकल स्टँडपर्यंत गेली. माझी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, पण गेली.

दुसऱ्या फेरीत मराठी माध्यमाची सगळी मोठी पोरं. माझी सरूल आता राजधानीत वकील झाली होती. तिथं थंडीत घरोघरी कोळसा जाळतात आणि त्या धुरानं लहान पोरं खोकून बेजार होतात, ते मी असं काही सांगितलं की आठवीतल्या दोन मुली खरोखर खोकायला लागल्या. शेवटी उरलो दोघंच, सरूल आणि बातार.

जेवणाच्या सुट्टीत माझी मैत्रीण आरोही, म्हणजे माझी प्रचारप्रमुख, भाकरी-ठेचा खाता खाता मला राजकारण शिकवत होती. तिचे काका नगरपालिकेला उभे राहिलेले, त्यामुळं तिला सगळं माहीत. म्हणाली, आता गोष्टी पुरे झाल्या, आता काहीतरी दे. घर दे. पक्कं घर. घराला कोण न्हाय म्हणत न्हाय. मलाही पटलं. आज्जांनी आयुष्यभर राबून बांधलेलं आमचं घर, पाहुणा आला की चहाआधी त्याला स्लॅब दाखवतात.

तिसऱ्या फेरीला कन्नड माध्यमाची पोरंपण मैदानात आली. सरांनी जाहीर केलं की आता इथं बसलेले सगळे मंगोलियाचे मेंढपाळ. साईराजनं गावोगाव तालीम आणि पैलवानाला फुकट दूध देऊन टाकलं. मग मी माईक घेतला. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, सरूल पंतप्रधान झाली की प्रत्येक मेंढपाळाला पक्कं घर. स्लॅबचं. दारात नळ. रंग तुमच्या आवडीचा.

टाळ्या पडल्या आणि बातारची रांग हलायला लागली. पोरं पळत माझ्याकडं येत होती. माझी रांग पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेली. मला सुवर्णसौधची ती खुर्ची दिसत होती, खरंच दिसत होती.

तेवढ्यात माझ्या रांगेतल्या पहिल्याच मुलीनं हात वर केला. सौम्या, कन्नड माध्यमाची नववी. नववीत असून माझ्यापेक्षा मोठी.

"मनी एल्लिगे ओय्यली?" तिनं शांतपणे विचारलं. मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "घर कुठं घिऊन जाऊ? माझी मेंढरं दिवाळीला एका गावात, शिमग्याला दुसऱ्या. तुझा स्लॅब पाठीवर घिऊन फिरू व्हय?"

मैदान फुटलं हसून. आणि मला एकदम आठवलं. ऊस तुटला की बोरगावला मामांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. गेल्या शिमग्याच्या सुट्टीत त्या मेंढरांमागं मी सौम्याला बघितलं होतं. तिच्या हातातलं कोकरू घेऊन फोटोसुद्धा काढला होता. इतकं समोर असून मी कळपामागं चालणाऱ्या माणसाला स्लॅब देऊन बसले होते.

सौम्या रांगेतून बाहेर पडली. साईराजकडं गेली नाही, दोन रांगांच्या मधोमध एकटीच उभी राहिली. तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी गेली. माझी रांग टाकीपासून मागं सरकायला लागली.

आरोहीनं मला कोपरखळी मारली. "घराला चाकं लावू म्हणून सांग. माघार घिऊ नको. पुढारी माघार घेत न्हाय."

पलीकडून साईराज गोड आवाजात म्हणाला, "सन्माननीय अडकल्या वाटतं."

आणि मी अडकलेच होते. घंटेजवळ शाळेचे शिपाई शामूमामा हातोडी घेऊन उभे, सर घड्याळाकडं बघतायत, आणि माझ्या तोंडातून शब्द नाही. मग वाटलं, गेल्या वर्षी मला पुढचं वाक्य आठवत नव्हतं. आज ते मला माहीत आहे, फक्त म्हणायला लाज वाटतेय.

"नंदु तप्पाय्तु," मी माईकमध्ये म्हणाले. "माझं चुकलं. घराचा शब्द मी परत घेते."

हसणं बंद झालं. आरोहीनं कपाळावर हात मारला. मी माईक घेऊन मैदानाच्या मधोमध सौम्याजवळ गेले आणि तिलाच विचारलं, मग काय पाहिजे?

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं सांगितलं, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग कशातही. तिचे आईवडील कळपामागं जातात. ती लहान असताना त्यांच्याबरोबर जायची. ज्या गावात मुक्काम, तिथल्या शाळेच्या दारात उभी राहायची, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न, दाखला कुठाय? दाखला मागच्या गावात. अशी तिची दोन वर्षं गेली. आता ती निपाणीत मावशीकडं राहते आणि आईला सणाला भेटते.

मी म्हणाले, "सरूलच्या राज्यात कळप जिथं थांबंल तिथल्या शाळेत पोरगी त्याच दिवशी बसंल. दाखला मागनं येईल, पोरगी आधी आत."

"आणि मास्तरनं न्हाय घेतलं तर?"

"तर मला फोन लाव. पंतप्रधान काय शोभेला ठिवलीया?"

आता जे हसू आलं ते वेगळं होतं. सौम्यानं माझ्याकडं नीट बघितलं, बाजारात वस्तू हातात घेऊन बघतात तसं. मग चालत आली आणि माझ्यामागं उभी राहिली. तिच्यामागं तिची मैत्रीण. मग कन्नड माध्यमाची अख्खी नववी. मग आमचा वर्ग. बातारची रांग माझ्या डोळ्यांसमोर विरघळत होती आणि माझं काळीज असं उडत होतं की शामूमामांची घंटा मला ऐकूसुद्धा आली नाही. आरोहीनं मला गदागदा हलवलं तेव्हा कळलं, झालं. मंगोलिया आमचा.

मुख्याध्यापिका बाईंनी शपथ दिली. साईराजनं आपला फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला, तो डोळ्यांवर आला. "घ्या, सन्माननीय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मला ते ऐकून बरं वाटलं. आरोही तेवढं फुगून बसली होती, चाकांची आयडिया वाया गेली म्हणून.

शाळा सुटल्यावर सौम्या गेटजवळ थांबली होती. "मंगोलियाचं झालं," ती म्हणाली. "आपल्या हितलं काय?"

मी अजून फेट्यात होते. पंतप्रधान झाल्यावरचा हा पहिलाच प्रश्न. आणि बेळगावचा माईक तर मिळाला होता. मी म्हणाले, सुवर्णसौधमध्ये मला एकच गोष्ट बोलायचीय, ही तुझी. कन्नडमध्ये. फक्त माझं कन्नड ऐकून तिथले लोक पळून जातील, तेवढं तू बघ.

ती बराच वेळ हसली. मग बसस्टँडच्या कट्ट्यावर मला बसवलं, दप्तर काढून बाजूला ठेवलं आणि पहिलं वाक्य तीनदा म्हणून घेतलं. चौथ्यांदा मी जोरात म्हटलं, तर बसची वाट बघणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"आवाज बरोबर हाय," सौम्या म्हणाली. "हात खाली घे. शड्डू न्हाय मारायचा."