मखमलीवरचा उलटा बाण

मी शिवणघरातली मोठी कात्री बोलतेय. खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. कापड कापायच्या टेबलावर माणूस देवाशी जे बोलतं, ते टेबलावरच राहावं, असं टेप, खडू आणि मी मिळून ठरवलं होतं. ते दोघं अजून गप्प आहेत. मला मात्र राहवत नाही.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. सासूबाईंनी मला घरी आणलं आणि त्या थकल्यावर मी थोरल्या सुनेच्या हाती आले. थोरली कापड बेतते, धाकटी जाऊ मशीनवर शिवते. मला दुसऱ्या कामाला लावलेलं थोरलीला खपत नाही. एकदा तिच्या नवऱ्याने माझ्याने मिशा कातरल्या, तर दोन दिवस घरात अबोला!

थोरलीची एक सवय आहे. कापण्याआधी ती मला कापडावर आडवं ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, “देवबापा, माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे.” मग कच्कन पहिला काप.

नव्या प्रार्थनामंदिरासाठी मखमलीचा पडदा शिवायचा होता. रविवारी मंदिर देवाला अर्पण करायची, म्हणजे समर्पणाची उपासना होती. मखमलीला लव असते. एक जरी पट्टा उलटा लागला तरी उजेडात त्याचा रंग वेगळा दिसतो. म्हणून लव ज्या दिशेला, त्या दिशेला थोरली प्रत्येक पट्ट्याच्या मागे खडूने बाण काढते आणि धाकटी तो बघून शिवते.

शनिवारी सकाळी पडदा टांगून पाहिला, तर सहातला चौथा पट्टा काळपट! आमचे धर्मगुरू पाळकसाहेब आणि झाडलोट करणाऱ्या बायका बघतच राहिल्या.

“डोळे गहाण टाकलेस का?” थोरली कडाडली. “एवढा बाण दिसला नाही?”

धाकटीने बोटातलं अंगुस्तान काढून तिच्या हातावर ठेवलं. “उद्यापासून मशीन तुम्हीच चालवा, ताई.” आणि ती बायकांबरोबर बाकं पुसायला निघून गेली.

पडदा उतरवून घरी आणून थोरलीने माझ्या टोकाने शिवण उसवली. पट्टा उलटून पाहिला. बाकी पाच बाण लवेच्या दिशेने, हा एकटा लवेच्या उलट. आणि तो तिनेच काढलेला.

एक बोट फिरवलं असतं, तर खडूची खूण गेली असती. पट्टा सरळ करून जोडायला तासभर पुरे. कुणाला कानोकान खबर नाही! बोट खडूपर्यंत गेलंही. मग तिने मला पट्ट्यावर ठेवलं.

“देवबापा, पडदा वेळेत होऊ दे...” पुढचं रोजचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाली, “बरं, देवा. तुझ्या मनासारखं. चारचौघांत बोलले, चारचौघांतच सांगते. पण तिथपर्यंत तू बरोबर चल.”

मला त्याच पट्ट्यात गुंडाळून ती मंदिरात गेली.

“ऐका गं सगळ्या. हा उलटा बाण माझा. चूक माझी आणि बोलणी खाल्ली हिने. मला माफ कर, बाई.”

केरसुण्या थांबल्या. धाकटीने पट्टा हातात घेऊन लवेवरून बोट फिरवलं. “शिवतानाच कळलं होतं मला, लव उलटी लागतेय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या बाणाला चूक म्हणायची सोय होती का?”

थोरलीला हसू आणि रडू एकदमच आलं. धाकटीने हात पुढे केला. “माझंही चुकलं, ताई. म्हटलं, होऊ दे तुमची फजिती. द्या ते अंगुस्तान.”

रविवारी दाराची फीत कापायचा मान मला मिळाला. थोरलीने मला धाकटीच्या हातात दिलं. कच्! दारं उघडली, ऊन आत घुसलं आणि सहाही पट्टे एकाच रंगात झळाळले. मंडळी गाऊ लागली. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर आवाज थोरलीचा!

आता माझ्या मुठीला गंज चढलाय, पण धार शाबूत आहे. टेबलावरची प्रार्थना हल्ली दोघी मिळून म्हणतात आणि बाणही दोघी तपासतात. तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. देवाचं ऐकायची वेळ कधीकधी अशी खडूच्या एका रेघेवर येते. तुमचं बोट ती पुसायला पुढे होईल, तेव्हा—

“अहो ताई, कात्री आणताय ना? कापड अंथरून बसलेय मी कधीची!”

आले, आले! तर मी काय म्हणत होते, बोट पुढे होईल तेव्हा क्षणभर थांबा आणि म्हणा, ‘देवबापा, तुझ्या मनासारखं—’ कच्!