खाटेखालचा पंप

“पंप आणि डबे नजरेआड करू नकोस. पोरांचा हात लागेल. रोज एकदा बघत जा.”

शेवटच्या दुखण्यात नवरा एवढंच बोलला आणि तिनं मान हलवली. तेव्हापासून टोमॅटोवर औषध मारायचा त्याचा पाठीवरचा पंप आणि औषधाचे उरलेले डबे तिच्या खाटेखाली होते. खिडकी घट्ट लावलेली. सकाळी देवापुढे हात जोडायचे, वाकून डबे बघायचे, मगच पाण्याचा घोट घ्यायचा, हा तिचा नेम.

झोप मात्र त्याच्यामागोमाग गेली. डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठायची, कपाळ ठणकायचं, छाती धडधडायची. पण तिची तक्रार नव्हती. त्याच्या सदऱ्याला यायचा तोच उग्र वास खोलीत कोंडून असे. तिला वाटे, तोच जागं ठेवतोय, सोबतीला.

कौलं बदलायला काढली, तेव्हा ती धाकट्या जावेच्या ओसरीवर निजली. सकाळी जाऊ तिला गदागदा हलवत होती.

“ताई, अहो जिवंत आहात ना? ऊन पायावर आलं!”

“डोळा लागला वाटतं.” ती ओशाळली.

“डोळा लागला? घोरत होतात! म्हशीनं वैरण सोडून मान वळवली.”

कौलं बसली. खाट परत मांडायला जाऊ आली ती उंबऱ्यातच नाकाला पदर लावून थबकली.

“कसला हो वास हा? डोळे झोंबतात माझे.”

“ह्यांचा.”

“दादांचा नाही, ह्या डब्यांचा!” जावेनं डब्यांवर टाकलेलं गोणपाट उचललं. एका डब्याचा तळ गंजून भुईवर काळा डाग पसरला होता. “ह्या खोलीत कधी मुंगी दिसली तुम्हाला?”

“नाही. केर काढते ना रोज.”

“मुंग्यांना कळलं, तुम्हाला नाही कळलं! विष हुंगत निजायचं, मग झोप कुठून येणार?”

“शब्द दिलाय त्यांना.”

“पोरांचा हात लागू नये, रोज बघावं, हाच ना शब्द? उशाशी घेऊन नीज, असं म्हणाले होते का दादा?”

तसं तो म्हणाला नव्हता.

दिरानं तोंडाला फडकं बांधून सगळं बांधावरच्या पत्र्याच्या खोपीत नेलं, लोखंडी पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. जावेनं भुई खरवडून काढली, खिडकी सताड उघडली.

हळूहळू झोप परतली. एके दिवशी ती उजाडल्यावरच जागी झाली. खोलीत नुसता ओल्या मातीचा वास. तो कुठेच नव्हता. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

“झोप लागली का ताई?” भिंतीपलीकडून जावेनं विचारलं.

“लागली गं.”

“मग आवाज का असा?”

“झोपेचाच आहे.”

तिनं तोंड धुतलं, देवापुढे हात जोडले. पाण्याचा तांब्या तसाच झाकून ठेवला. मग किल्ली कनवटीला खोचून, डोक्यावर पदर घेऊन, ती एकटीच बांधाच्या वाटेला लागली.